फुकटच्या डेटाबेसची वही कोण लिहिणार?

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, कापडाच्या पेढीवर लाल वही आता क्वचितच दिसते. सुताची आवक, लूमवर चढलेला बीम, प्रोसेसला गेलेले ग्रे कापड, दलाली आणि गावोगावची उधारी, सारे कॉम्प्युटरमध्ये असते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर ज्यांना कॉम्प्युटर नको होता त्यांनाही तो घ्यावा लागला. त्यात वाईट काही नाही. मात्र कॉम्प्युटरच्या पोटात आपल्या नोंदी ज्या कोठारात राहतात, ते कोठार कोणी कसे लावून दिले आणि त्याचा कागद कोणाजवळ आहे, हे आपण व्यापारी विचारत नाही. ते विचारले पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.

या कोठाराला डेटाबेस म्हणतात. काही डेटाबेस कंपन्या पैसे घेऊन देतात. काही ओपन सोर्स असतात, म्हणजे ते कसे बनले आहेत ते सर्वांना खुले असते आणि वापरासाठी परवान्याची फी नसते. पोस्टग्रेसक्यूएल हा त्यांपैकी एक जुना आणि भरवशाचा डेटाबेस. बोलण्यात त्याला पोस्टग्रेस म्हणतात. अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली त्याचे काम सुरू झाले आणि १९९६ पासून तो आजच्या नावाने ओळखला जातो. हिशेब व स्टॉकसाठी वापरले जाणारे ओडू हे सॉफ्टवेअर याच डेटाबेसवर चालते. दुकानात पोस्टग्रेस आहे आणि मालकाला त्याचे नावही ठाऊक नाही, असेही पुष्कळ ठिकाणी असेल.

जॉबरच्या डोक्यातली सेटिंग

लूमवाल्यांना एक गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. लूम तेच, सूतही तेच. पण रीड, पिक आणि ताण बदलला की क्वालिटी बदलते. जॉबरने सेटिंग चिठ्ठीवर लिहून ठेवली तर उद्या दुसरा जॉबरही तोच माल काढील. सारे त्याच्या डोक्यातच राहिले तर तो गावी गेला की लूम उभा.

डेटाबेसचे तसेच आहे. पोस्टग्रेसला शेकडो सेटिंग्ज आहेत आणि त्यांतील बहुतेक पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ या एका साध्या फाईलमध्ये लिहिता येतात. डेटाबेसने स्वतःसाठी किती मेमरी घ्यावी हे शेअर्ड बफर्स ही सेटिंग ठरवते. ती सुरुवातीला साधारण १२८ एमबी असते. मशीन फक्त डेटाबेससाठीच असेल आणि मेमरी १ जीबी किंवा जास्त असेल, तर एकूण मेमरीच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी असा अधिकृत पुस्तकाचा सल्ला आहे. एका वेळी किती जोडण्या घ्यायच्या हे मॅक्स कनेक्शन्स ठरवते. ती साधारणपणे १०० असते. कोणत्या मशीनवरून कोणाला आत घ्यायचे, हे पीजी-एचबीए नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असते.

आता एफसिंक ही सेटिंग पाहा. ती चालू असली की डेटाबेस प्रत्येक पक्का व्यवहार डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करून घेतो. बंद केली तर काम जलद होते, पण वीज गेली किंवा मशीन कोसळले तर डेटा दुरुस्त न होण्याइतका बिघडू शकतो, असा स्पष्ट इशारा पुस्तकात आहे. वीज जाणे आपल्या गावांना नवीन नाही. कोणी कारागिराने “साहेब, फास्ट करून दिले” म्हणून ही सेटिंग बंद केली आणि कुठे लिहिले नाही, तर मालकाला ते वीज जाऊन घात झाल्यावरच कळेल.

दुसरा एक घोळ आहे. २०१४ साली आलेल्या ९.४ आवृत्तीपासून डेटाबेसला हुकूम देऊनही सेटिंग बदलता येते. तो बदल वेगळ्या ऑटो-कॉन्फ फाईलमध्ये जातो आणि मूळ फाईलमधील आकड्यावर मात करतो. नवा माणूस मूळ फाईल वाचतो, एक आकडा पाहतो, आणि डेटाबेस मात्र दुसऱ्याच आकड्यावर चालत असतो. सोय उत्तम आहे, पण दोन वह्या ठेवल्या की तिसऱ्या जागी खरे काय ते लिहावे लागते, हे कोणताही मुनीम सांगेल.

बॅकअप आहे, मग काळजी कसली?

हा प्रश्न आम्हांला नेहमी ऐकू येतो. रोज रात्री पेन ड्राइव्हवर कॉपी काढली की मालक निश्चिंत झोपतो. पण पोस्टग्रेसमध्ये बॅकअपसाठी जो पीजी-डंप वापरतात, तो कोठारातला माल घेतो. या सेटिंगच्या फाइली घेत नाही. डेटाबेसच्या वापरकर्त्यांची नावे व पासवर्डही त्यात येत नाहीत, ती वेगळी काढावी लागतात. मशीन जळाले तर माल परत मिळेल, पण कोठार पुन्हा कसे लावायचे, याचा कागद त्या पेन ड्राइव्हमध्ये नसेल.

नवी आवृत्ती घेतानाही हेच होते. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत रिकव्हरी डॉट कॉन्फ ही फाईल बाद झाली. ती जागेवर सापडली तर डेटाबेस सुरूच होत नाही. २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत पासवर्ड साठवण्याची नेहमीची पद्धत बदलली. नव्या फाईलमध्ये फक्त नवी पद्धत मान्य केली आणि पासवर्ड जुन्या पद्धतीचे राहिले, तर बरोबर पासवर्ड देऊनही दार उघडत नाही. जुन्या सेटिंगचा कागद हाती असेल तर हे तासाभराचे काम आहे. नसेल तर दोन दिवस बिलिंग बंद, आणि ट्रान्सपोर्टचा ट्रक दारात उभा.

आवृत्ती आपण बदलणारच नाही, असे म्हणून चालत नाही. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे आधार मिळतो. इकडे जीएसटी कायदा सांगतो की हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपून ठेवावे. कंपन्यांना तर आठ वर्षे. म्हणजे आज लिहिलेले बिल आजच्या आवृत्तीपेक्षा जास्त जगले पाहिजे. कोठार बदलणार हे ठरलेलेच आहे.

पुस्तक लिहिणाऱ्यांचे काम

येथे पोस्टग्रेस चालवणाऱ्या लोकांचे कौतुक केले पाहिजे. त्यांचे पुस्तक डेटाबेसच्या मूळ मजकुराबरोबर एकाच ठिकाणी ठेवलेले असते. नवी सेटिंग आणणाऱ्याने तिची माहितीही सोबत आणावी, अशी तेथे शिस्त आहे. सेटिंगचा अर्थ काय, मूळ आकडा किती, बदलल्यावर डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो की नाही, हे तिथे लिहिलेले असते. प्रत्येक आवृत्तीचे पुस्तक वेगळे. बाद झालेल्या किंवा नाव बदललेल्या गोष्टींसाठी परिशिष्ट आहे, म्हणजे जुन्या नावाने शोधत आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. जपानी, फ्रेंच, रशियन भाषांत त्याचे अनुवादही झाले आहेत. हे सारे माणसांनी बसून केलेले काम आहे. परवान्याला फी नाही म्हणून मेहनत फुकट झाली, असे नव्हे.

पुस्तकाची किंमत कळायची असेल तर मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसकडे पाहावे. तो २००८ साली सन कंपनीने घेतला आणि २०१० साली सनबरोबर ओरॅकलकडे गेला. त्याचा मूळ मजकूर खुल्या परवान्यावर आहे, पण त्याचे अधिकृत पुस्तक त्या खुल्या परवान्यावर नाही. म्हणून २००९ साली त्यातून मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस निघाला, तेव्हा मजकूर सोबत नेता आला, पण पुस्तक आपले आपण उभे करावे लागले. कारखाना मिळाला, पण क्वालिटीचे रजिस्टर मिळाले नाही.

आपण काय करावे?

कारागीर म्हणतील, पुस्तक तर सर्वांना खुले आहे, वेगळे काय लिहायचे? याचे उत्तर सोपे आहे. पुस्तक काय काय करता येते ते सांगते. तुमच्या दुकानात काय केले आणि का केले, हे पुस्तकात नसते. ते तुमच्याच रजिस्टरमध्ये असले पाहिजे.

काहींना भीती वाटते की सारे लिहून दिले तर मालक उद्या दुसऱ्याला बोलावील. ही भीती आम्ही खोटी म्हणत नाही, रोजीचा सवाल आहे. म्हणूनच लिहिण्याचे काम फुकट मागू नये. मालकाने ठरवताना सांगावे की बसवण्याचे इतके, लिहून देण्याचे इतके, आणि रजिस्टर हाती आल्यावर शेवटचा हप्ता. तजुर्बा असलेला कारागीर लिहून दिल्याने लहान होत नाही. हकीम औषधाची चिठ्ठी देतो म्हणून त्याच्याकडचे रोगी कमी होत नाहीत.

रजिस्टरला फार खर्च नाही. रकाने एवढेच: तारीख, आवृत्ती, सेटिंगचे नाव, जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि बदल करणाऱ्याचे नाव. यातला कारणाचा रकाना रिकामा राहू देऊ नये. आकडा मशीनमधून केव्हाही काढता येतो. पोस्टग्रेसमधील पीजी-सेटिंग्ज ही यादी चालू आकडा आणि तो कोणत्या फाईलमधून आला तेही दाखवते. कारण मात्र कोणतीही यादी दाखवत नाही. पासवर्ड या रजिस्टरमध्ये लिहू नयेत, ते मालकाजवळ वेगळे असावेत. सेटिंगच्या दोन्ही-तिन्ही फाइलींची प्रत बॅकअपसोबत ठेवावी. आणि वर्षातून एकदा, दिवाळीनंतर किंवा मार्चनंतर बाजार मंद असताना, दुसऱ्या मशीनवर फक्त त्या रजिस्टरच्या आधारे डेटाबेस उभा करून पाहावा. उभा राहिला तर रजिस्टर खरे.

कॉम्प्युटर शिकलेल्या आपल्या मुलांनीही इकडे लक्ष द्यावे. प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ आहेत. नीट, समजेल असे आणि वेळच्या वेळी लिहून ठेवणारे थोडे. पोस्टग्रेसच्या पुस्तकात चूक दिसली तर कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. छोट्या दुकानदाराला वाचता येईल अशी सेटिंगची पुस्तिका मराठीत आणि उर्दूत कोणी केली, तर आमच्यासारखे व्यापारी ती पैसे देऊन घेतील.

उधारी तोंडी ठेवू नये, हे आपण आपल्या वडिलांकडून शिकलो. आता सारी उधारी ज्या कोठारात आहे, त्या कोठाराचा हिशेब तरी तोंडी का ठेवावा?