साठीनंतरची शिकवणी

आज 1 ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1990 मध्ये ठरवलेला हा दिवस 1991 पासून पाळला जातो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना ही तारीख आणखी एका कारणाने ठाऊक असते. हयातीचा दाखला देण्याची त्यांची मुदत आजपासून सुरू होते; इतरांची नोव्हेंबरात. 2014 पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’वर घरबसल्या देता येतो. तरीही कितीतरी आजी-आजोबा रिक्षा करून बँकेत जातात, रांगेत बसतात. त्यांच्याकडे पाहून घरचे आणि दारचे एकच बोलतात, की या वयात माणसाला नवे काही नको असते.

हे बोलणे आम्हाला मान्य नाही.

वयाबरोबर मनाची दारे लागतात, ही समजूत थोरामोठ्यांचीही होती. नवे वैज्ञानिक सत्य रुजते ते विरोधकांना पटल्यामुळे नाही, ते विरोधक काळाआड गेल्यावर रुजते, असे भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांचे मत होते. डेव्हिड हल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ते पडताळून पाहिले. डार्विनचा सिद्धान्त 1859 नंतर ब्रिटनमधल्या कोणत्या शास्त्रज्ञाने लवकर स्वीकारला, कोणी उशिरा, आणि या फरकात वयाचा हात किती? दहा टक्क्यांहूनही कमी निघाला. वयस्करांना थोडा वेळ जास्त लागला, एवढे खरे.

मग अडते कुठे? पुष्कळदा बोटांच्या टोकाशी. आयुष्यभर शेतात, भांड्यांत, यंत्रांवर राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि दाखल्यासाठी ओळख पटवताना ‘अंगठा उमटत नाही’. फोनचा पडदा बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालतो. कोरड्या कातडीचा स्पर्श त्याला नीट कळत नाही. हात थरथरला, बोट क्षणभर जास्त टेकले, की भलतेच काही उघडते. 2021 मध्ये ‘जीवन प्रमाण’साठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, तेव्हा अंगठा न उमटणाऱ्या अनेकांचे काम सोपे झाले. माणसे तीच होती, वयही तेच होते. बदलले होते यंत्र.

दुसरी अडचण भीतीची, आणि ती रास्त आहे. तिशीतल्या माणसाचे पैसे चुकीच्या बटणाने गेले, तर तो पुन्हा कमावेल. पंचाहत्तरीतल्या माणसाकडे ती संधी नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने आयुष्याची पुंजी गमावलेल्या वृद्धांच्या बातम्या आपण वाचतो. अशा वेळी फोनवरून पैसे पाठवायला नकार देणारे आजोबा मागासलेले नाहीत. ते हिशेब करत असतात.

आणि आधीच्या पिढ्यांनी काय बदल पचवले होते! 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. पाठोपाठ शेर-मण गेले, किलो आले. साठी ओलांडलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाजारकरणींनीही हिशेब पहिल्यापासून शिकला. पण तेव्हा नव्या नाण्यावर ते रुपयाचा कितवा भाग आहे हे लिहिलेले असे, जुनी नाणी काही वर्षे सोबत चालत होती, आणि ‘नवे’ हे विशेषण 1964 पर्यंत टिकले. लोकांना उसंत दिली गेली होती.

आज ती उसंत कोण देतो? ग्रामीण भागासाठी 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झाले. सहा कोटी कुटुंबांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते आणि शिकणाऱ्याच्या वयाची अट होती 14 ते 60. ज्यांना शिकवणीची सर्वाधिक गरज, त्यांच्या तोंडावरच वर्गाचे दार लागले. घरातही वेगळे घडत नाही. आजीने काही विचारले, की नातू ‘दे इकडे’ म्हणत फोन ओढून घेतो, चार ठिकाणी बोट फिरवतो आणि काम झालेला फोन परत देतो. आजीचे काम होते, शिकणे राहते. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा विचारले, की आवाज चढतो.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला ‘आजीबाईंची शाळा’ उघडली. योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने साठी ते नव्वदीतल्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. पोथी आपली आपल्याला वाचता यावी, ही त्यांची ओढ होती. कामे उरकल्यावरची वेळ निवडली, अक्षरे गिरवायला हवा तितका अवधी दिला, घरी नातवंडांनी अभ्यास घेतला. पाटीच्या जागी फोन असता, तरी याहून वेगळे काय लागले असते?

येत्या नोव्हेंबरात प्रत्येक बँकेने आणि टपाल कार्यालयाने एक माणूस खुर्ची टाकून यासाठीच बसवावा. त्याने फोन स्वतःच्या हातात न घेता समोरच्याच्या हातून दाखला भरून घ्यावा. ज्यांना कागदच हवा, त्यांच्यासाठी खिडकी उघडी ठेवावी. आणि सरकारने साक्षरतेची पुढची योजना आखताना वयाच्या रकान्यातला तो साठचा आकडा खोडून टाकावा.