भूगोलाच्या तासाला गावाचे नाव

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शासनदरबारी ‘बेळगावी’ झाले. त्या नामांतराला आमचा विरोध आहेच. येथे प्रश्न निराळा आहे. मराठी शाळेतील मुलाने भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत ‘बेळगाव’ लिहिले, तर ते चूक ठरता कामा नये. राज्यघटनेचा ३५० क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय द्यावी असे सांगतो. मग गावाचे नावच मातृभाषेबाहेर कसे? हाच न्याय अक्कलकोटच्या कानडी मुलालाही मिळावा. त्याने ‘सोल्लापूर’ लिहिले तर आपले काय बिघडते? आणि समानता नावांपुरतीच कशाला? निपाणीची तंबाखू शिकवताना विड्या वळणाऱ्या बायांचे कष्टही शिकवावेत. तेथील वर्गांतल्या कित्येक मुलांच्या त्या आया आहेत.