डिस्चार्जनंतर कोण?

लकवा मारलेला माणूस आज अमरावती-अकोल्यात वाचतो. १०८ ची गाडी दारात येते, सीटी स्कॅन होतो, आठवडा-पंधरा दिवसांत सुट्टीही मिळते. गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते, ‘मालिश करत राहा, थोडं चालवत राहा’ असे सांगितले जाते आणि माणूस गावी परततो. त्या दिवसापासून त्याला भाकर मोडता येत नाही, धोतर नेसता येत नाही, न्हाणीत एकट्याने बसता येत नाही. शौचाला उकिडवे बसता येत नाही हे तर तो कोणाला सांगतही नाही. कमी खातो, पाणी कमी पितो, म्हणजे सुनेला वारंवार हाक मारावी लागणार नाही. वऱ्हाडातल्या गावागावांत अशी माणसे बाजेवर पडून आहेत आणि त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नाही. या दुर्लक्षाला आता तातडीने आवर घातला पाहिजे.

तातडीने म्हणण्याला वैद्यकीय कारण आहे. मेंदूला इजा झाल्यावर हातपाय सावरण्याचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत घडतो. त्यानंतरही सुधारणा होते, पण वेग मंदावतो. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत सुट्टी मिळालेल्या माणसाचे हे महिने निंदण-फवारणीत जातात. घरचे पहाटे शेतात गेले की तो दिवेलागणीपर्यंत एकटा. दिवाळीला कापूस वेचणी रंगात येते तेव्हा त्याची मूठ आवळलेली असते, कोपर वाकलेले असते आणि खांदा दुखून हात लावू देत नाही. तो खांदा बहुतेक वेळा घरच्यांच्या मायेनेच बिघडवलेला असतो. लुळा हात धरून, बगलेत हात घालून त्याला उठवले जाते आणि सैल पडलेला सांधा खाली सरकतो. असे उठवू नये, हे शिकवायला दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे देणारा माणूस नेमलेला नसतो.

त्या माणसाला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. फिजिओथेरपिस्टशी त्याची गल्लत होते. पायात बळ आणणे हे एक काम; त्या पायांनी उंबरा ओलांडून न्हाणीपर्यंत जाणे, तांब्या उचलणे, अंग पुसणे, कपडे घालणे हे दुसरे. हे दुसरे काम शिकवणारा हा थेरपिस्ट. लकव्याप्रमाणेच मळणीयंत्रात हात गेलेला मजूर, रात्रपाळीच्या विजेवर ओलित करताना शॉक लागलेला शेतकरी, दुचाकीच्या अपघातात मणक्याला मार बसलेला तरुण, सिकलसेलने खुब्याचा सांधा झिजलेली मेळघाटातली बाई, या सर्वांना त्याची गरज आहे.

जे थोडे थेरपिस्ट या भागात काम करतात, त्यांच्या हाती आपण काय दिले आहे? रुग्ण किती स्वावलंबी आहे हे मोजण्यासाठी जगभर बार्थेल इंडेक्स वापरतात. १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ही दहा बाबींची, शंभर गुणांची मोजणी उपयुक्त आहे. पण जेवणाच्या बाबीत ती विचारते, अन्न कापता येते का, लोणी पसरवता येते का. कपड्यांत ती बटणे, चेन आणि बुटांच्या नाड्या पाहते. एका हाताने ज्वारीची भाकर मोडणे, लुगड्याच्या निऱ्या धरणे, जमिनीवरून हाताचा टेकू न घेता उठणे, उकिडवे बसून तोल सांभाळणे, हे तिच्यात नाही. त्यामुळे कागदावर ऐंशी गुण मिळवलेली बाई घरी चुलीपुढे बसूच शकत नाही, असे घडू शकते.

इथल्या घराला लागणारी साधने महाग नाहीत आणि परदेशातून आणायचीही नाहीत. साध्या प्लास्टिक खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून ती संडासाच्या भांड्यावर ठेवली की बसण्याचा प्रश्न सुटतो. मात्र खुर्चीचे पाय घसरू नयेत अशी सोय करावी लागते. भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा, बाजेच्या पायांखाली विटांचा भक्कम आधार, न्हाणीत गुळगुळीत टाइलऐवजी खडबडीत फरशी, परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक, ब्लाऊजला हुकाऐवजी वेल्क्रो, ताटाखाली ओले फडके आणि ताटाला एका बाजूने उंच कड. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की अर्धवट मिटणाऱ्या मुठीतही तो बसतो. पण यातले काय, कोणाला, किती उंचीवर आणि कोणत्या टप्प्यावर द्यायचे हे कळायला शिक्षण लागते. दांडा चुकीच्या बाजूला बसवला तर माणूस पडतो. खुर्ची गरज नसताना दिली तर उठण्या-बसण्याचा सराव सुटतो. आणि काही अडचणी वस्तूंच्या नसतातच. उजवा हात गेलेल्या म्हाताऱ्याने डाव्या हाताने जेवणे घरच्यांना रुचत नाही, म्हणून ते त्याला भरवत राहतात. प्रेमापोटी भरवलेला तो घास त्याचे परावलंबन पक्के करतो. त्या घराशी त्यांच्या बोलीत बोलायला थेरपिस्टच लागतो.

नातेवाइकांनाच शिकवून घरी पाठवले तर थेरपिस्टचा खर्च वाचेल, असा सोपा विचार सरकारी बैठकांत कोणी मांडण्याआधी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हा प्रयोग भारतात झाला आहे. देशातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० पक्षाघाताच्या रुग्णांवरचा ‘अटेंड’ हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी घरी पुनर्वसन केले, तरी सहा महिन्यांनी मृत्यू व परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीही फरक पडला नाही. कुटुंब सोबत हवे, पण सारे त्याच्यावर ढकलून चालत नाही.

माणसाला पुन्हा स्वतःच्या कामाला लावण्याची ही कल्पना आपल्या मातीला नवी नाही. अमरावतीजवळ तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. बोटे झडलेल्या, समाजाने टाकलेल्या माणसांच्या हाती त्यांनी सुतारकाम आणि विणकाम दिले. जखमा बऱ्या करून ते थांबले नाहीत, माणसाला पुन्हा कमावता केले. देशात ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले विद्यालय त्यानंतर, १९५० साली, मुंबईच्या केईएममध्ये निघाले. ते काढणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, निंबकरांच्या घरात येऊन मराठी झालेल्या. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण त्याच दशकात पोचले. म्हणजे विदर्भात हे शास्त्र सहा दशकांहून अधिक काळ शिकवले जात आहे. तिथून पदवी घेतलेली मुले महानगरांत आणि परदेशांत नोकऱ्या शोधतात, त्याचा दोष त्यांच्यावर टाकता येणार नाही. तालुक्याच्या गावी पद नाही आणि जिल्ह्याच्या गावी पदोन्नती नाही, मग त्यांनी थांबावे कशासाठी?

सरकारी योजनांची रचना पाहिली की खंड कुठे पडतो ते स्पष्ट दिसते. २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार करतो. अठरा ओलांडले की हा आधार संपतो. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर हाच प्रश्न वर्षानुवर्षे वेगळ्या अंगाने मांडत आले आहेत, की बेवारस दिव्यांग मूल अठरा वर्षांचे झाले की त्याने जायचे कुठे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रश्न तिथेच आहे. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या १५ दिवसांचा खर्च धरलेला आहे. सावरायला सहा महिने लागतात आणि हमी पंधरा दिवसांची. आशाताईंच्या सर्वेक्षणाच्या अर्जात साठीपुढच्या व्यक्तीला विचारायचा प्रश्न आहे: जेवण, कपडे, आंघोळ, चालणे, शौच यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? प्रश्न अगदी नेमका आहे. पण उत्तर ‘हो’ आले तर आशाताईंनी त्या माणसाला पाठवायचे कोणाकडे? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतो. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा केली आणि त्या मागणीचा सर्वांत मोठा आवाज अमरावती जिल्ह्यातूनच उठला होता. त्या आवाजाला शोभेल असे काम याच जिल्ह्यात दिसायला हवे होते.

पैसा अगदीच नाही असेही नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. तो अनेकदा मार्चअखेर घाईने वस्तू वाटून संपवला जातो. छायाचित्रे निघतात, आणि घराच्या दारातून आत न जाणारी व्हीलचेअर अंगणात गंजते. त्याच पैशातून थेरपिस्टने घर पाहून सांगितलेला दांडा, उतार आणि खुर्ची का बसवू नये? गावचा सुतार आणि वेल्डर हे काम करतील.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत प्रौढांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची किती पदे मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, हे आरोग्य विभागाने जाहीर करावे आणि रिकामी पदे भरावीत. या रुग्णालयांत सरावासाठी एक खोली असावी, जिच्यात भारतीय संडास, न्हाणी, उंबरा, चूल आणि बाज असेल. नागपूरच्या विद्यालयाने वऱ्हाडातल्या थेरपिस्टना सोबत घेऊन इथल्या दिनचर्येवर बेतलेली मोजणीची पत्रके आणि सचित्र पुस्तिका मराठीत व कोरकूत तयार करावी. धारणीच्या रुग्णाला दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीला आठवड्याला यायला सांगणे म्हणजे येऊ नको म्हणण्यासारखे आहे. तिथे थेरपिस्टनेच गेले पाहिजे, आणि त्याच्या प्रवासाची तरतूद दोन्ही जिल्हा परिषदांनी येत्या अंदाजपत्रकात केली पाहिजे.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना एकच सांगणे. सुट्टीच्या कागदावर औषधांच्या नावांखाली थेरपिस्टचे नाव आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून मागा. ती मिळेपर्यंत डॉक्टरांच्या टेबलापासून हलू नका.