वर्षअखेरचा जमाखर्च

चैत्र सरत आला, वाऱ्याला झळ येऊं लागली, पटांगणांतील झाडांखालची सावली आखडूं लागली, म्हणजे आमच्या शाळांतून वर्षअखेरची लगबग सुरू होते. निकालपत्रकें तयार होतात, पारितोषिकें वाटलीं जातात, आणि शाळेकडून घरोघरीं एक वृत्तांत जातो. त्यांत काय असतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दहावीच्या परीक्षेस किती विद्यार्थी बसले, त्यांपैकीं किती उतरले, शिष्यवृत्त्या किती मिळाल्या, खेळांत कोणती ढाल जिंकली, नवे वर्ग कोठें बांधावयाचे, फी केव्हां भरावयाची, आणि जून महिन्यांत शाळा कोणत्या तारखेस उघडावयाची. हें सर्व योग्यच आहे. घरच्या मंडळींस शाळेची खबर असावी आणि पुढील बेत आधीं कळावे, यांत दोहोंचेंही हित आहे. परंतु असे वृत्तांत वर्षानुवर्षें वाचीत आल्यावर आमच्या मनांत एक शंका घर करून बसली आहे, ती आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. शंका ही कीं, या जमाखर्चांत जमेची बाजू तेवढी लिहिली जाते. दुसरी बाजू कोरीच राहते.

कांहीं वर्षांपूर्वीं कृष्णाकांठच्या एका शाळेच्या पारितोषिक समारंभास आम्ही गेलों होतों. हस्ताक्षराच्या बक्षिसासाठीं नववीच्या एका मुलाचें नांव पुकारलें गेलें. एकदां, दोनदां, तीनदां पुकारलें. कोणी उठलें नाहीं. मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "तो आतां येत नाहीं." बक्षिसाचें पुस्तक पुन्हां टेबलावर ठेवलें गेलें, पुढचें नांव पुकारलें गेलें आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या वर्षींच्या छापील वृत्तांतांत हस्ताक्षराच्या स्पर्धेचा उल्लेख होता. तो मुलगा कोठें गेला याचा नव्हता. त्याबद्दल एखाद्या शिक्षकास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. आम्हीही त्या दिवशीं घरीं पोहोंचेपर्यंत तें विसरलों होतों. दोष आहे तो आपणां सर्वांच्या हिशेबाच्या रीतीचा.

ही रीत म्हणजे शेंकडेवारी. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून माध्यमिक परीक्षेचा कोल्हापूर विभाग होतो. इ. स. २०२५ सालीं या विभागाचा दहावीचा निकाल शेंकडा ९६.८७ लागला, साऱ्या राज्याचा ९४.१० होता. हे आंकडे अभिमानास्पद आहेत, आणि त्यांच्यामागें विद्यार्थ्यांचे व गुरुजनांचे श्रम आहेत, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण शेंकडेवारी कोणाची? जे परीक्षेस बसले त्यांची. जो मुलगा नववींतच गळाला, जी मुलगी दहावीचा अर्ज भरण्यापूर्वींच घरीं बसली, तीं या शेंकड्यांत मुळीं मोजलींच जात नाहींत. इतकेंच नव्हे, तर दुबळीं मुलें जितकीं आधीं गळतील तितका निकाल अधिक उजळ दिसावा, असा हा विचित्र गणिताचा खेळ आहे. आंकडा किती फसवूं शकतो याचें उदाहरण अलीकडचेंच आहे. इ. स. २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें भूगोलाचा पेपर रद्द झाला. पुढील सालीं तर परीक्षाच झाली नाहीं, आणि त्या वर्षीं, इ. स. २०२१ मध्यें, राज्याचा निकाल शेंकडा ९९.९५ लागला! तेव्हां निकालाचा आंकडा म्हणजेच शाळेचें वर्ष, असें आतां तरी कोणी समजूं नये.

मुलांची खरी गणती पटावर होते, कारण पटावर शेंकडा नसतो. एकेक नांव असतें. साताऱ्याच्या जुन्या सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या, नोंदवहींत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं एका लहान मुलाचें नांव घातलें गेलें. तो मुलगा म्हणजे पुढें भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार झालेले डॉ. भीमराव आंबेडकर. इ. स. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. समजा, त्या मुलाचें नांव पहिल्याच वर्षीं पटावरून कमी झालें असतें. वर्गांत त्यास इतरांपासून वेगळें बसावें लागे, तेव्हां तसें होण्यास कारणें कमी नव्हतीं. त्या वर्षींच्या निकालांत त्यानें काय फरक पडला असता? कांहींच नाहीं. शाळेच्या वृत्तांतांतील एक ओळही बदलली नसती. एवढी मोठी हानि ज्या हिशेबांत दिसतच नाहीं, तो हिशेब अपुरा आहे असें म्हणण्यास दुसरा पुरावा कशास पाहिजे?

आतां हीं मुलें जातात कोठें, हें पाहूं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा इ. स. २००९ मध्यें झाला. त्याची पांखर आठवीपर्यंत. नववीपासून पुढें मूल शाळेंत राहिलें तर तें आईबापांच्या हिमतीवर राहतें. आणि माण, जत, आटपाडी येथील कोरडवाहू घरांत ही हिंमत दरवर्षीं पावसावर अवलंबून असते. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटतात, आणि ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासह फडावर उतरतात. कांहीं बीडकडून आपल्या जिल्ह्यांत येतात, तर कांहीं आपल्याच दुष्काळी टापूंतून निघतात. ज्या घरांत तान्ह्या पोरास सांभाळणारें दुसरें कोणी नाहीं, तेथें थोरली बहीण शाळेंतून उठते. तिनें आळस केला असें कोण म्हणेल? उन्हाळ्यांत दुसरीच गोष्ट. दहावी झालेल्या मुलीस सोळावें लागलेलें असतें, वैशाखांतील लग्नें समोर असतात, आणि "चांगलें स्थळ आलें आहे" हे शब्द घरांत उच्चारले जातात. मुलीचें वय अठरा पुरें झाल्यावांचून तें लग्न कायद्यानें गुन्हा ठरतें, हें ठाऊक असूनही उच्चारले जातात. याशिवाय कृष्णामाईची अवकृपा आहेच. इ. स. २०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाण्यानें ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेव्हां ज्यांचीं घरें बुडालीं त्यांच्या दप्तरांचें काय झालें असेल, हें सांगावयास नको.

या अडचणी नव्या नाहींत, आणि त्यांस उत्तरही आपल्याच मातींत शोधलें गेलें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं इ. स. १९१९ मध्यें कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था काढिली आणि इ. स. १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह उघडलें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस जेवूं लागलीं. इ. स. १९२७ मध्यें महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. वसतिगृहांतील धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडले, ही कथा सातारकरांच्या घरोघरीं ठाऊक आहे. पण या कथेंतील मर्म आपण पुष्कळदां विसरतों. भाऊरावांनीं आधीं शाळा काढून मग मुलांची वाट पाहिली नाहीं. मूल कोठें राहील, काय खाईल, आणि घरची मदत बंद झाल्यास कशाच्या बळावर शिकेल, हे प्रश्न त्यांनीं आधीं सोडविले. अभ्यास त्यामागून आला. 'कमवा व शिका' ही योजना याच विचारांतून जन्मली. शाळेनें पालकांस पाठवावयाचा बेत कसा असावा, याचा हा धडा आहे. इमारत, रंगकाम आणि गणवेश यांच्या आधीं त्या बेतांत मुलाचा पुढचा मुक्काम लिहिलेला असावा.

म्हणून वर्षअखेरच्या पालकसभेंत भाषणें थोडीं व्हावींत, आणि पुढील गोष्टी सविस्तर सांगितल्या जाव्यात, अशी आमची सूचना आहे.

पहिली गोष्ट प्रवेशाची. इ. स. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत संगणकाद्वारें होऊं लागले. शहरांतील सुशिक्षित घरास हें सोयीचें असेल. पण ज्या वस्तीवर दूरध्वनीस रेंज मिळण्यासाठीं टेकाडावर चढावें लागतें, त्या घरास तीच एक नवी भिंत होते. अर्ज कसा भरावा, कोणते दाखले लागतात, तहसील कचेरींत ते किती दिवस आधीं मागावे, हें शाळा सुटण्यापूर्वींच सांगितलें पाहिजे. निकालानंतर धांवाधांव करणाऱ्या बापाची मजुरी बुडते, आणि तीन खेपा वायां गेल्या कीं चौथ्या खेपेस तो जात नाहीं. अकरावीखेरीज औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतनें हेही दहावीनंतरचे मार्ग आहेत. त्यांची माहिती 'हुशार नसलेल्यांसाठीं' अशा हलक्या सुरांत देऊं नये.

दुसरी गोष्ट अनुत्तीर्णांची. शेंकडा ९६ उतरले म्हणजे शंभरांत चार घरीं त्या दिवशीं चूल थंड असते. त्या घरांस आम्ही सांगूं इच्छितों कीं, त्याच वर्षीं पुरवणी परीक्षा होते, आणि एक-दोन विषय राहिले असतां अकरावींत बसण्याची सवलतही आहे. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकत असतां इ. स. १९३२ मध्यें तुरुंगांत गेले. त्यांची मॅट्रिकची परीक्षा इ. स. १९३४ मध्यें झाली. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर तर मॅट्रिकला नापास झाले होते. हीं दोन्ही गांवें तेव्हांच्या सातारा-औंधाच्या मुलखांतील, आज सांगली जिल्ह्यांत आहेत. नापास होणें चांगलें, असा याचा अर्थ कोणी करूं नये. प्रत्येक नापास मुलगा गीतरामायण लिहीत नाहीं. अर्थ इतकाच कीं, एका उन्हाळ्यांत माणसाचें मोजमाप पुरें होत नाहीं. तेव्हां निकालाच्या दिवशीं मुलास टोमणा मारूं नये, शेजारच्याच्या मुलाशीं तुलना करूं नये, आणि त्यास एकटें सोडूं नये.

तिसरी गोष्ट मुलींची. "पोरगी घरीं आहे" आणि "पोरगी शिकते आहे" या दोन वाक्यांच्या मधल्या काळांतच लग्न ठरतें, असा आमचा अनुभव आहे. म्हणून दहावीच्या परीक्षेनंतर मुलगी रिकामी बसूं नये; तिचा पुढचा प्रवेश कोठें घ्यावयाचा हें आईबापांनीं एप्रिलमध्येंच तिच्यादेखत ठरवावें. सावित्रीबाई फुल्यांचें नायगांव याच सातारा जिल्ह्यांत आहे. तीन जानेवारीस त्यांच्या प्रतिमेस हार घालावयाचा आणि मे महिन्यांत आपल्या मुलीस बोहल्यावर चढवावयाचें, हा व्यवहार आपल्यास शोभणारा नव्हे.

चौथी गोष्ट सुट्टीची. मुलांनीं आंबे खावे, जत्रेस जावें, आजोळीं राहावें. पण विहिरींत आणि कालव्यांत पोहावयास जातांना जाणतें माणूस बरोबर असावें. शेतांत हात लावण्यानें अभ्यास बुडत नाहीं; मात्र जून उजाडला कीं तो हात सोडवून द्यावा. नदीकांठच्या घरांनीं पावसाळ्यापूर्वीं दाखले, गुणपत्रिका आणि पुस्तकें जाड प्लास्टिकांत बांधून माळ्यावर ठेवावींत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण महापुरांतून गेलेल्यांस ती क्षुल्लक वाटणार नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल, शिक्षकांवर आधींच निवडणुकीचीं, गणनेचीं आणि कागदोपत्रींचीं कामें लादलेलीं असतात. त्यांत हें आणखी ओझें कशास? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही नवें रजिस्टर मागत नाहीं. हजेरीपट शाळेंत असतोच. त्यावरून वर्षाच्या शेवटीं चार ओळी लिहाव्या, एवढेंच आमचें मागणें. दुसरा कोणी म्हणेल, गळालेल्या मुलांचा आंकडा छापल्यानें शाळेचें नांव खालीं येईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो शेतकरी उगवलेल्या रोपांबरोबर वाळलेलीं रोपेंही मोजतो, त्यालाच पुढच्या पेरणींत कोठें चुकलें हें कळतें. आणि हा आंकडा केवळ शाळेचा नव्हे. तो गांवाचा आहे, आमच्या तुमच्या घरांचा आहे. तो वाचून पालकांनींही उत्तर दिलें पाहिजे.

तेव्हां आमची विनंती थोडक्यांत अशी : यंदाच्या वृत्तांतांत उत्तीर्णांच्या यादीखालीं आणखी एक नोंद असावी. तीन वर्षांपूर्वीं आठवीच्या पटावर किती नांवें होतीं, त्यांपैकीं किती दहावीच्या परीक्षेस बसलीं, आणि उरलेलीं आज कोठें आहेत. नांवें छापूं नयेत, कोणाची लाज काढूं नये. पण संख्या लिहावी, आणि सुट्टी संपण्यापूर्वीं त्यांपैकीं निदान एका घरीं शिक्षकानें व एका पालकानें मिळून जाऊन यावें. शंभर मुलांच्या निकालाचे पेढे वाटावयास आपण जातोंच. त्याच वाटेवर एक घर अधिक लागेल, इतकेंच.

त्या हस्ताक्षराच्या बक्षिसाचें पुस्तक पुढें कोणास मिळालें, हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु तें पुस्तक घेऊन कोणी त्या मुलाच्या दारीं गेलें असतें, तर कदाचित् जूनमध्यें त्याचें नांव पुन्हां पटावर चढलें असतें. पुढील वर्षीं असें पुस्तक टेबलावर पडून राहूं नये, एवढी इच्छा प्रकट करून, सर्व विद्यार्थ्यांस व त्यांच्या घरच्या मंडळींस सुट्टी सुखाची जावो, असें चिंतून आम्ही येथें लेखणी ठेवितों.