घरची गाडी : चढावर दम का लागतो?

मैत्रिणींनो, नेवाशाकडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "सासूबाईंना दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी नगरला न्यावं लागतं. यजमान नोकरीसाठी परगावी, त्यामुळे गाडी मीच चालवते. गाडी डिझेलची, दहा वर्षांची. दोन महिने झाले, इमामपूरच्या घाटात ती ओढतच नाही. पाय दाबला तरी पुढं जात नाही, मागून ट्रकवाले हॉर्न देतात आणि सासूबाई देवाचं नाव घेतात! धूर दिसत नाही, पण ॲव्हरेज सतरावरून चौदावर आलं. मधूनच इंजिनाचा पिवळा दिवा लागतो नि विझतो. एक गॅरेजवाला म्हणतो टर्बो बदला, दुसरा म्हणतो बाईमाणसाच्या हातात गाडी, क्लच जळायचाच. दीर म्हणतात विकून टाका. काय करू?"

आधी त्या क्लचच्या टोमण्याचा निकाल लावू. क्लच घसरत असेल तर इंजिन जोरात ओरडतं, फेऱ्यांचा काटा झरझर वर चढतो आणि गाडी मात्र तिथंच रेंगाळते. इंजिन स्वतःच दमलं असेल तर काटाही वर जात नाही. पुढच्या खेपेला घाटात शेजारी बसलेल्या कुणाला तरी काटा पाहायला सांगा. काटाच चढत नसेल, तर दोष क्लचचा नाही. मग तो तुमच्या पायाचा कुठून असणार?

आता खरं कारण शोधू. चुलीला जशी फुंकणी लागते, तशी इंजिनाला हवा लागते, आणि किती लागते ते ऐकून नवल वाटेल. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण अकरा किलो हवा खर्ची पडते. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. इथल्या उन्हाळी हवेत अकरा किलो म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दहा टाक्या भरतील एवढी! डिझेल इंजिन तर गरजेपेक्षा जास्तच हवा ओढतं.

ही हवा मोजायला एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत एक लहानसा सेन्सर असतो. गॅरेजात त्याला एअर फ्लो सेन्सर किंवा नुसतं 'एमएएफ' म्हणतात. त्यात केसासारखी बारीक तार किंवा पातळ पापुद्रा विजेवर तापवलेला असतो. गरम दुधावर फुंकर घातली की ते निवतं ना? तसंच वाहत्या हवेनं ही तार निवते. ती तापलेली ठेवायला जितकी जास्त वीज लागेल, तितकी हवा जास्त आत आली, असा गाडीतला कॉम्प्युटर हिशेब करतो आणि त्याप्रमाणे इंधन सोडतो.

तारेवर धुळीचा नि तेलाचा थर बसला की हवा खरीखुरी आत येते, पण मोजली जाते कमी. 'हवाच नाही, तर इंधन कशाला?' म्हणून कॉम्प्युटर हात आखडता घेतो, आणि नेमकी चढावर गाडी दमते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्या आपल्या गाड्या किती धूळ खातात, हे काय सांगायला हवं!

मात्र लगेच नवा सेन्सर आणू नका. किमती भाग आहे तो. पायरीपायरीनं जा.

पहिली पायरी, एअर फिल्टर. डब्याच्या क्लिपा काढून फिल्टर उजेडात धरा. काळवंडला असेल तर बदला. आपल्याकडच्या धुळीत पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या आधीच तो पाहावा लागतो. डब्याचं झाकण नीट बसलं नसेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून थेट सेन्सरवर जाते.

दुसरी, रबरी नळ्या. इंजिन बंद व गार असताना सेन्सरपासून इंजिनापर्यंतच्या नळीवरून हात फिरवा. चीर आहे का? क्लिप सैल आहे का? टर्बोच्या पुढची नळी फाटली तर मोजलेली हवा बाहेर पळते. तेव्हा जोर लावताना फुसफुस आवाज येतो आणि बहुधा मागून काळा धूर निघतो. धूर नाही आणि जोरही नाही, तर सेन्सरवरचा संशय वाढतो.

तिसरी, वायर. उंदरांना गाडीच्या वायरी फार आवडतात! कुरतडल्याच्या खुणा पाहा, सेन्सरचा प्लग घट्ट आहे का पाहा.

चौथी परीक्षा मेकॅनिकच्या देखत करा. किल्ली बंद करून सेन्सरचा प्लग काढायचा, मग गाडी चालू करून जागेवरच रेस द्यायची. सेन्सरकडून काहीच कळत नसेल तर बऱ्याच गाड्यांतला कॉम्प्युटर ठरीव अंदाजानं काम चालवतो. प्लग काढल्यावर इंजिन आधीपेक्षा बरं चाललं, तर सेन्सर खोटं सांगत होता असं समजायला जागा आहे. पण हा पक्का पुरावा नव्हे. काही गाड्या प्लग काढताच स्वतःच जोर कमी करतात. दिवाही लागेल, त्याला घाबरू नका. अशी गाडी घाटात मात्र नेऊ नका.

पाचवी पायरी स्कॅनरची. आपल्याकडे २०१३ नंतरच्या गाड्यांना तो लावता येतो. 'पी ०१०१', 'पी ०१०२' किंवा 'पी ०१०३' असा कोड आला की दुकानदार म्हणतात, "बघा, सेन्सर गेला!" तसं नव्हे, बरं का. ०१०२ म्हणजे संदेश फार कमी, ०१०३ म्हणजे फार जास्त, आणि ०१०१ म्हणजे मेळ बसत नाही. तुटकी वायर किंवा फाटकी नळीसुद्धा हेच कोड दाखवते. म्हणून चालू गाडीतला आकडा पाहायला सांगा. किल्ली दिली पण इंजिन बंद, तेव्हा तो शून्याजवळ हवा. रेस वाढवली की अडखळत नाही तर सरळ चढत जायला हवा. तो उड्या मारत असेल किंवा रेस देऊनही खालीच राहत असेल, आणि नळ्या-वायरी ठीक असतील, तर दोष सेन्सरचा.

त्यातही आधी सफाई. यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. गार इंजिनातून सेन्सर काढून दुरूनच फवारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. तारेला बोट, कापूस, ब्रश काही लावायचं नाही. पेट्रोल, पाणी, कॉम्प्रेसरची हवा मुळीच नाही. तार तुटली की संपलं! सफाईनंतरही आकडा सुधारला नाही, तरच नवा घ्या, जुन्यावरचा नंबर जुळवून, आणि जुना भाग परत मागून.

एक गोष्ट आधी विचारून घ्या : आपल्या गाडीत हा सेन्सर आहे का? कित्येक लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतो. तिथं आतल्या हवेचा दाब मोजून काम भागवतात. नसलेल्या सेन्सरचे पैसे देण्याची वेळ यायला नको!

आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची 'व्हीआरडीई' ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथं गाड्या मोजमापावर तपासल्या जातात. आपणही तेच करायचं. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा; पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरा आणि चाललेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरनं भागा. ६४६ किलोमीटरला ३८ लिटर म्हणजे सतरा; ५३२ किलोमीटरला तेवढेच म्हणजे चौदा. दुधाच्या हिशेबाशेजारी हेही लिहून ठेवलं की गॅरेजात कुणी उडवून लावू शकत नाही.

तेव्हा नेवाशाच्या भगिनींना माझा सल्ला असा : टर्बोला नि इंजेक्टरला हात लावू देण्याआधी फिल्टर, नळ्या, वायर आणि स्कॅनरवरचा आकडा एवढं पाहून घ्या, आणि तो आकडा कागदावर लिहून मागा. दिरांना म्हणावं, विकायचं ते मग ठरवू. दोष न कळलेली गाडी पडत्या भावातच जाते. तोवर सासूबाईंची तारीख आली तर घाटाची वाट टाळा, दुसरी गाडी करून न्या. आणि पिवळा दिवा लुकलुकू लागला किंवा तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथंच कडेला घेऊन बंद करा.

पुढच्या अंकात बॅटरीविषयी. आपल्या गाडीच्या तक्रारी जरूर कळवा. गाडी पेट्रोलची की डिझेलची आणि किती वर्षांची, एवढं लिहायला मात्र विसरू नका.