पाळण्याशेजारचा कान

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच अंबरनाथ पूर्वेकडचे एक ओळखीचे कुटुंब पाच आठवड्यांच्या बाळाला घेऊन आले. बाळाचे वडील काहीसे संकोचून म्हणाले, “डॉक्टर, तसे काही विशेष नाही. रात्रभर एकदाही रडला नाही. मॉनिटर अगदी शांत होता. आईच ऐकेना, म्हणून आलो.” त्यावर आजी शांतपणे म्हणाल्या, “रडला नाही म्हणूनच आणलाय. रात्री दोनदा प्यायला घेतला, दोन्ही वेळा तोंड लावून सोडून दिलं.”

मी दुपटे बाजूला केले. तळपाय गार होते. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ते ६८ भरले. प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखाली खळगा पडत होता. बाळाला तातडीने नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवले. रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. अकरा दिवसांनी बाळ घरी परतले.

मॉनिटरमध्ये कोणताही बिघाड नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ते यंत्र आवाज ऐकण्यासाठी बनवलेले होते आणि आवाज झालाच नव्हता. चूक झाली ती शांततेचा अर्थ लावताना. निरोगी बाळ भूक लागली की रडून घर डोक्यावर घेते. फार आजारी बाळाच्या अंगात रडण्याचेही त्राण उरत नाही. म्हणून बेबी मॉनिटर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांशी आज थोडे सविस्तर बोलायचे आहे.

यंत्र काय करते, काय करत नाही

या उपकरणाचा जन्म भीतीतून झाला. १९३२ साली अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण होऊन त्याची हत्या झाली. त्या घटनेने धास्तावलेल्या पालकांसाठी १९३७ मध्ये झेनिथ कंपनीने ‘रेडिओ नर्स’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याचा एक भाग बाळाजवळ आणि दुसरा पालकांजवळ राहत असे. आजची उपकरणे दिसायला कितीही वेगळी असली, तरी त्यांचे मूळ काम तेच आहे: एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत पोहोचवणे.

आज बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला केवळ आवाज ऐकवणारा, दुसरा कॅमेऱ्यासह चित्र दाखवणारा आणि तिसरा मोज्यातून किंवा गादीखालच्या पट्टीतून श्वास, नाडी अथवा प्राणवायूची पातळी मोजणारा. तिसरा प्रकार सर्वांत महाग असतो आणि पालकांना सर्वांत मोठा दिलासा देतो असे वाटते. परंतु अशा घरगुती उपकरणांमुळे बालकांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू टळतात असा पुरावा नाही. त्या हेतूने ती वापरू नयेत, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा हृदयाचा विकार असलेल्या बाळासाठी तज्ज्ञांनी मॉनिटर लिहून दिला असेल, तर ती गोष्ट निराळी. तो त्यांच्याच सल्ल्याने वापरावा.

आपल्या घरात मॉनिटर कोठे उपयोगी पडतो?

पहिले सहा महिने बाळाने रात्री आईवडिलांच्याच खोलीत, परंतु स्वतःच्या वेगळ्या सपाट जागी झोपावे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातील आपली बहुतेक घरे एक-दोन खोल्यांची. तेथे हे आपोआपच घडते. मग मॉनिटरचा खरा उपयोग दिवसा. आई न्हाणीघरात असते, गच्चीवर कपडे वाळत घालते, कुकरच्या शिट्ट्यांत बाळाचा आवाज बुडतो, तेव्हा हा दुसरा कान कामी येतो.

आणखी एक उपयोग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. बाळाचे आईवडील लोकलने मुंबईला जातात आणि घरी आजी-आजोबा असतात. त्यांना ऐकू कमी येत असेल, तर आवाज होताच दिवे उजळणारा किंवा थरथरणारा मॉनिटर निवडावा. तो कमरेला लावून आजी निर्धास्तपणे स्वयंपाक करू शकतात. अशा घरात श्वास मोजणाऱ्या महागड्या मोज्यापेक्षा हा साधा मॉनिटर कितीतरी अधिक मोलाचा ठरतो.

मांडणी आणि चाचणी

मॉनिटर बाळाच्या हाताच्या टप्प्यात कधीही ठेवू नये. यंत्र आणि त्याची वायर पाळण्यापासून किमान ३ फूट, म्हणजे साधारण एक मीटर दूर असावी. मॉनिटरच्या वायरचा फास बसून बालके दगावल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. बाळ रांगू लागले, धरून उभे राहू लागले, की हे अंतर पुन्हा तपासावे. पाळण्याच्या दांड्याला कॅमेरा बांधणे टाळावे.

नवे यंत्र लावल्यावर एक छोटी चाचणी घ्या. एकाने पाळण्याजवळ बसून हलक्या आवाजात कण्हल्यासारखे करावे. दुसऱ्याने दुसरा भाग घेऊन स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, गच्ची अशा सर्व ठिकाणी फिरून यावे. सिमेंटच्या जाड भिंतींमुळे संदेश कोठे तुटतो ते समजेल. खोक्यावर छापलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते, आपल्या इमारतीतले नव्हे.

पुष्कळ मॉनिटर शांततेत स्वतःला निद्रिस्त ठेवतात आणि ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा आवाज झाला तरच जागे होतात. रुळांलगत राहणारी कुटुंबे गाड्यांच्या धडधडीला कंटाळून ही मर्यादा वाढवून ठेवतात. पावसात पत्र्यावरच्या आवाजामुळेही असेच केले जाते. मग मोठे रडणे ऐकू येते, पण क्षीण कण्हणे ऐकू येत नाही. आणि डॉक्टरच्या दृष्टीने कण्हणेच अधिक चिंतेचे असते. मर्यादा वाढवण्याऐवजी यंत्र खिडकीपासून व पंख्यापासून दूर सरकवावे.

पावसाळ्यात वीज गेली तर काय होते, तेही आधीच पाहून ठेवा. मॉनिटरला बॅटरी आहे का आणि ती किती तास टिकते? कॅमेरा वाय-फायवर चालणारा असेल तर राउटर इन्व्हर्टरला जोडलेला आहे का? संपर्क तुटला की काही वेळा फोनवर शेवटचे चित्र तसेच गोठून राहते आणि बाळ शांत झोपले आहे असा भास होतो. चित्रावरची वेळ पुढे सरकते आहे ना, हे पाहण्याची सवय लावावी. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेले यंत्र असेल, तर त्याच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे याची खात्री केल्याशिवाय ते आपल्याकडे लावू नये.

इंटरनेटवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. ओटीपीची सोय असल्यास ती सुरू करावी. कॅमेऱ्याचे तोंड केवळ पाळण्याकडे असावे; आई बाळाला अंगावर पाजते ती जागा चित्रात येऊ देऊ नये. घरात बाळाला सांभाळणाऱ्या मावशी असोत की सासूबाई, कॅमेरा आहे हे त्यांना आधी सांगावे. ज्यांच्या हाती बाळ सोपवले, त्यांच्यावर चोरून नजर ठेवल्याने घरातला विश्वास उडतो आणि त्याची झळ अखेर बाळालाच लागते.

बाळ पाहावे कसे?

मॉनिटर कितीही चांगला असला, तरी दर दोन-तीन तासांनी माणसाने जवळ जाऊन बाळाला पाहणे याला पर्याय नाही. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपलेले असावे. जवळ उशी, लोड, मऊ खेळणी, सैल पांघरूण नसावे. साडीच्या झोळीत हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. म्हणून झोळीत झोपलेल्या बाळाला केवळ मॉनिटरच्या भरवशावर सोडू नये.

त्यानंतर श्वास मोजायला शिका. हे काम डॉक्टरांचेच आहे असे समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. अंक न येणाऱ्या सुईणींनाही श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी एक साधे साधन तयार केले: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. या सर्व कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. तेथे कॅमेरा नव्हता. पाहणारी, प्रशिक्षित आणि वेळेवर पोहोचणारी बाई होती. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरी येऊन बाळाला पाहू लागल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा त्यांच्या सहा भेटी असतात. आशाताई दारात आल्या तर “आमचे डॉक्टर आहेत” म्हणून त्यांना परत पाठवू नका.

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याच्या पोटाचे वरखाली होणे पूर्ण एक मिनिट मोजावे. तान्ह्या बाळाचा श्वास मधूनच काही सेकंद थांबतो आणि पुन्हा भरभर चालतो. ते बहुधा नैसर्गिक असते. म्हणूनच पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजावेत. तरीही तितकेच आले तर तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. दोन महिने ते एक वर्ष या वयासाठी ही मर्यादा ५० आहे.

या खुणा दिसल्यास थांबू नका

बाळ दूध ओढत नाही किंवा अचानक फार कमी पिते, नेहमीपेक्षा सुस्त आहे, हलवूनही नीट जागे होत नाही, श्वासासोबत बरगड्यांखाली खोल खळगा पडतो किंवा बाळ कण्हते, अंग गार पडते अथवा तापते, झटके येतात, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा पोहोचतो, ओठ-जीभ निळसर दिसतात किंवा श्वास वीस सेकंद थांबतो. यांपैकी एक खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नये, मग मॉनिटर काहीही सांगो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रस्ते तुंबणाऱ्या पावसात नवजात विभाग असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे कोणत्या वाटेने जायचे, हे बाळ घरी येण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

आणि आईकडे कोण पाहणार?

याच्या अगदी उलट अनुभवही मला येतो. एक तरुण आई बाळाच्या प्राणवायूचे आकडे फोनवर घेऊन आली होती. बाळ उत्तम होते, वजन छान वाढत होते. परंतु मोजा पायावरून सरकला की यंत्र वाजे, मग ती दचकून उठे आणि उरलेली रात्र पडद्याकडे पाहत काढी. तीन आठवडे ती सलग झोपली नव्हती. त्या दिवशी मी बाळापेक्षा आईलाच अधिक वेळ तपासले. पाहून पाहून मन भरत नसेल, झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर तो दुबळेपणा नव्हे. बाळंतपणानंतरचा, उपचारांनी बरा होणारा त्रास असू शकतो. अशा वेळी यंत्र काही दिवस बाजूला ठेवावे, रात्रीची एक पाळी वडिलांनी घ्यावी आणि डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रसूती रजेचे २६ आठवडे संपून कामावर परतलेल्या आईनेही लोकलमध्ये तासभर पडद्याकडे पाहत बसू नये. त्यापेक्षा दुपारी एक फोन करून आजीला तीन प्रश्न विचारावेत: प्यायला का? शू किती वेळा झाली? खेळतोय का? ही तीन उत्तरे कॅमेऱ्यापेक्षा अधिक सांगून जातात.

ते बाळ आता बसू लागले आहे. लस टोचायला आणले होते, तेव्हा मी आजींना विचारले, “मॉनिटर वापरता की काढून टाकला?” आजी म्हणाल्या, “वापरते की. वाजला की जाते. आणि बराच वेळ नाही वाजला, तरी जाते.”

मॉनिटर वापरण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.