तुमच्याच पुस्तकात लिहिलंय!

परवा नाताळच्या जेवणाला आमच्या भाईंदर पश्चिमेच्या घरी ठाण्याचा एक मित्र आला होता. तो बेने इस्राएल, म्हणजे आपला मराठी ज्यू. हात धुऊन बसतो न बसतो तोच मामांनी सुरुवात केली, "कुमारीच्या पोटी बाळ येणार हे तुमच्याच यशयाने लिहिलंय की! मग मानत का नाही?" मित्र हसला आणि भात वाढून घेतला. मला मात्र लाज वाटली. मामा हा ब्लॉग वाचतात. वाचू देत.

मामा, यशया हे बोलला आहाज राजाशी, ख्रिस्तपूर्व ८व्या शतकात. दोन शत्रू राजे यरुशलेमवर चालून आले होते. पोर जाणतं होण्याआधी त्यांचे देश ओसाड पडतील, अशी ती खूण होती. मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री. येशूच्या आधी ज्यूंनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, असा शब्द आला. मत्तयने तोच घेतला. होशेयचंही तसंच. त्याने सांगितली ती इस्राएल लोक मिसरातून सुटल्याची जुनी आठवण. मत्तयने ती बाळ येशूला लावली.

मग मत्तय लबाड होता का? असं म्हणणारे नेटवर पुष्कळ भेटतात. तेही चूक. त्या काळी ज्यू लोक शास्त्र असंच वाचत. १९४७ पासून कुमरानच्या गुहांत जी भेंडोळी सापडली, त्यात हबक्कूकवरची टीका आहे. ती लिहिणाऱ्यानेही जुन्या संदेष्ट्याचे शब्द सरळ आपल्या काळाला लावलेत. आपले कीर्तनकार नाही का जुना अभंग घेऊन आजच्या घरातली गोष्ट सांगत? त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

पण कीर्तन म्हणजे कोर्टातला पुरावा नव्हे! मत्तयने आधी येशूवर विश्वास ठेवला, मग जुन्या पुस्तकात त्याला शोधलं. ज्याचा तो विश्वास नाही, त्याला तिथे येशू दिसला नाही तर तो आंधळा कसा?

१८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. लोक हिब्रू शिकले, आपलं शास्त्र मुळातून वाचू लागले... आणि बहुतेक सगळे ज्यूच राहिले!

असो. मित्र पुढच्या महिन्यात पुन्हा येतोय. मामा, या वेळी त्याला त्यांच्या एलियाच्या मलिद्याबद्दल विचारा. एलिया तर आपल्याही पुस्तकात आहे.